ड्यूक एलिंग्टनची पूर्वयात्रा

प्रवासाहून परतलेली माणसे दोन जातींची असतात. काही जण पेटी उघडून आणलेल्या वस्तू मांडतात. काही गप्प राहतात, आणि पुढे केव्हातरी बोलण्याच्या ओघात त्यांनी काय पाहिले ते आपल्याला उमगते. अमेरिकन जाझचा थोर वाद्यवृंदकार ड्यूक एलिंग्टन हा दुसऱ्या जातीचा.

१९६३ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्याला वाद्यवृंदासह पूर्वेकडे पाठविले. दमास्कस, काबूल, दिल्ली, मुंबई, कलकत्ता असे करीत मंडळी तुर्कस्तानात पोचली आणि केनेडींच्या हत्येमुळे दौरा तेथेच थांबला. या प्रवासातून निघालेली ‘फार ईस्ट स्वीट’ ही तबकडी मात्र ध्वनिमुद्रित झाली डिसेंबर १९६६ मध्ये.

ती ऐकताना आपले कान सतारीची, तबल्याची वाट पाहतात. दोन्ही नाहीत. पश्चिमेत सतारीचे वेड भरात असतानाचा हा संयम आहे! दिल्लीत एका मैनेची लकेर एलिंग्टनचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्न याच्या कानात बसली. ‘ब्लूबर्ड ऑफ दिल्ली’त जिमी हॅमिल्टनची क्लॅरिनेट ती लकेर पुन:पुन्हा घेते, बाकीचा वृंद आपल्याच चालीने चाललेला असतो. ‘आग्रा’मध्ये ताजमहालासाठी नाजूक वाद्य निवडलेले नाही, हॅरी कार्नीचा खर्जातला बॅरिटोन सॅक्सोफोन आहे. संगमरवराचे वजन त्यात जाणवते.

सर्वांत सुंदर ‘इस्फहान’. पण ती चाल दौऱ्याआधीच, वेगळ्या नावाने रचलेली होती. मग ही फसवणूक नव्हे काय? मला तसे वाटत नाही. बारसे उशिरा झाले म्हणून मूल परके ठरत नाही. आपण बरोबर नेलेलाच सूर परक्या गावी नव्याने ओळखू यावा, हाही प्रवासाचाच लाभ.

दोष आहे तो तबकडीच्या नावात. जपानवरचा शेवटचा भाग सोडला, तर हा सारा मुलूख भारताचा नि पश्चिम आशियाचा. त्याला ‘अतिपूर्व’ म्हणणे म्हणजे न्यूयॉर्कहून अंतर मोजणे. हे संगीत मात्र त्या नावाहून अधिक जवळ येऊन ऐकणाऱ्याचे आहे.

स्ट्रेहॉर्न मे १९६७ मध्ये वारला. फराळ आटोपून घर निवांत झाले की ‘इस्फहान’ लावा. जॉनी हॉजेसचा सॅक्सोफोन एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत उतरतो, तेव्हा घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याच्या तोंडून ‘मींड!’ असा उद्गार निघाला, तर मला नवल वाटणार नाही.