पेनेलोपीची नजर

पेनेलोपी बूथबीचे चित्र जोशुआ रेनॉल्ड्स यांनी १७८८ साली रंगविले, तेव्हा ती तीन वर्षांची होती. १७९१ मध्ये ती वारली. मागाहून टॉमस बँक्स यांनी तिची निद्रिस्त संगमरवरी मूर्ती घडविली आणि ती निरागसतेचे प्रतीक ठरली. १८७९ मध्ये मिले यांनी ‘चेरी राइप’मध्ये तिच्या वेषातील दुसरी मुलगी रंगविली; वेष आला, पेनेलोपी आली नाही. शोकाच्या स्मारकात व्यक्ती हरवते, हे बऱ्हाणपूरकरांस नवे नाही : येथे १६३१ मध्ये निवर्तलेली मुमताज आज ताजमहालाच्या कीर्तीआड गेली आहे. रेनॉल्ड्सच्या चित्रात मात्र मोठ्या टोपीखालची ती तिरकी, किंचित सावध नजर अद्याप त्या एकाच बालिकेची आहे. रसिकाने प्रतीक बाजूस सारून प्रथम तीच पाहावी.