वारसावास्तूवरील नवा नामफलक : दादाभाई नौरोजी मार्गाच्या निमित्ताने

संरक्षित वास्तूवर नवा फलक लावावा की लावू नये, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा सौंदर्यदृष्टीचा म्हणून हाताळला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा दृष्टिकोन अपुरा आहे. दुकाने आणि कचेऱ्या चालू असलेल्या इमारतीवर फलक असणारच. तो किती जागा घेतो, दगडाला कसा जोडला जातो आणि त्यावरील अक्षरे कोणत्या लिपीत व कोणत्या प्रमाणात असतात, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. मुंबईच्या फोर्ट भागातील दादाभाई नौरोजी मार्ग या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

पूर्वीचा हॉर्नबी रोड म्हणजेच हा मार्ग. १८६० च्या दशकात किल्ल्याचा तट पाडल्यानंतर तो रुंद झाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या दुतर्फा व्यापारी इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या शैली परस्परांहून भिन्न आहेत. त्यांना एकत्र बांधते ती तळमजल्यावरील कमानींची सलग रांग. तिच्याखालून पादचारी ऊन-पाऊस टाळून चालतो, आणि नेमकी हीच जागा दुकानदाराला फलकासाठी हवी असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील अनेक कमानी पत्र्याच्या आणि पुढे प्लॅस्टिकच्या पेट्यांआड गेल्या. १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. त्यानंतर या मार्गासाठी तयार झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांचे सार असे की, फलक कमानीच्या पोकळीत बसावा आणि त्याने नक्षी झाकू नये. दुकानदारांच्या सहभागाने यातील बराच भाग प्रत्यक्षात उतरला, ही या उपक्रमाची मोठीच जमेची बाजू होय.

परंतु या विचारात लिपीला फारसे स्थान नव्हते. फलक म्हणजे आवरावयाचा पसारा, अशी त्यामागील धारणा दिसते. पुढे दुकाने व आस्थापनांविषयीच्या राज्याच्या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. मराठी अक्षरे देवनागरीत, सुरुवातीला आणि अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसलेली असावीत, असे बंधन लहान दुकानांनाही आले. व्यापाऱ्यांची याचिका उच्च न्यायालयाने त्याच वर्षी फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये पूर्ततेसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. वारसा नियम फलकाच्या जागेविषयी बोलतो, भाषेचा नियम अक्षराविषयी. दोहोंच्या मधल्या फटीत दुकानदाराने सोपा मार्ग काढला, तो म्हणजे आहे त्या इंग्रजी फलकावर दुसरा मराठी फलक चढविण्याचा. दोष अर्थातच मराठीला दिला जातो. हे अन्यायाचे आहे.

वस्तुतः अडचण अक्षररचनेतील आहे. रोमन मोठी अक्षरे पट्टीची संपूर्ण उंची व्यापतात. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा व रफार यांसाठी, तर खाली उकारांसाठी जागा लागते. त्यामुळे समान उंचीच्या पट्टीत देवनागरीचे मूळ अक्षर लहानच भासते. ते रोमनच्या बरोबरीला आणायचे तर एकाखाली एक अशा दोन ओळींचा फलक कमानीबाहेर येतो. मात्र कायदा मराठी अक्षर मोठे करा असे म्हणत नाही. ते इतरांपेक्षा लहान नको, एवढेच म्हणतो. इंग्रजी अक्षर लहान केल्यास, किंवा एकाच ओळीत डावीकडे मराठी व उजवीकडे इंग्रजी अशी मांडणी केल्यास, दोन्ही नियम त्याच चौकटीत पाळता येतात. शिवाय शिरोरेषेची आडवी रेघ आडव्या पट्टीशी सहज जुळते. हा उपाय कोणत्याही चित्रकाराला सुचावा. तो नियमावलीत मात्र येत नाही.

जोडणीचा मुद्दा त्याहून कमी दिसणारा, पण अधिक घातक आहे. पोरबंदरचा चुनखडी दगड मऊ असतो. त्यात ठोकलेला लोखंडी खिळा मुंबईच्या खाऱ्या हवेत गंजतो, गंजाने फुगतो आणि दगडाचा टवका उडवितो. फलक दहा वर्षांनी बदलतो. भोक बुजत नाही. म्हणून भोक पाडायचेच तर दगडात न पाडता दोन दगडांमधील चुन्याच्या सांध्यात पाडावे आणि खिळा न गंजणाऱ्या धातूचा असावा. १९६४ च्या व्हेनिस सनदेनुसार नवी भर मूळ वास्तूशी सुसंगत, तरीही तिच्याहून वेगळी ओळखू येणारी असावी. जुन्या धाटणीची खोटी वळणदार अक्षरे वापरणाऱ्या ‘हेरिटेज’ फलकांना ही कसोटी लावली, तर त्यांतील बरेचसे नापास होतील.

मार्गाच्या उत्तर टोकाला असलेल्या रेल्वे स्थानकाचे नाव १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये बदलले. युनेस्कोच्या यादीत २००४ साली त्याची नोंद झाली ती नव्या नावाने, कंसात जुने नाव ठेवून. दगड तोच राहिला आणि पाट्या बदलल्या. पुढेही त्या बदलतील, त्या वेळी आधीच्या पाटीची भोके कामी यावीत, इतकी पूर्वतयारी आज फलक लावणाऱ्याकडून अपेक्षिणे अवास्तव नाही.