रेघ आणि खाजण

नकाशा हेही एक लेखनच आहे. कथाकादंबरीची होते तशी त्याचीही समीक्षा व्हावी. अनुराधा माथुर आणि दिलीप दा कुन्हा यांचे 'सोक' हे मुंबईवरील इंग्रजी पुस्तक २००९ साली निघाले, ते नेमके हेच काम करते.

निमित्त २००५ च्या जलप्रलयाचे. २६ जुलैला सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. आमच्या परभणीला तेवढ्यासाठी जवळजवळ सारे वर्ष लागते! मिठी नदी शहरात शिरली, असे जो तो म्हणू लागला. पण कोण कोणात शिरले? लेखक उत्तरासाठी जुन्या नकाशांकडे वळतात.

टॉमस डिकिन्सनने १८१२ ते १८१६ या काळात मुंबई बेट मोजले. लॉटनची बारीक मोजणी १८७२ साली पुरी झाली. कष्टाची, देखणी कामे ती! परंतु मोजणीदार साखळी घेऊन निघतो तो पाऊस उघडल्यावर. खाजण भरतीला समुद्र असते, ओहोटीला चिखल. रेघेला मात्र एकच बाजू घ्यावी लागते. खाजण जमिनीच्या बाजूला गेले की ते 'पडीक' ठरते, आणि पडीक म्हटले की भराव आलाच. वांद्रे-कुर्ला संकुल मिठीकाठच्या अशाच दलदलीवर उभे आहे.

येथवर पुस्तक मनापासून पटते. पुढे मात्र लेखकांचा रोख रेघेवरच वळतो, तो गोदाकाठच्या माणसाला निम्माच पटेल. ओसरत्या पाण्यामागे गाळात पेरणाऱ्या कुणब्याला नदीची कड सरकते हे कोणी शिकवायला नको. पण त्याच्या बांधाची रेघ पुसली, तर तो कचेरीत काय दाखवील? कोळीवाड्यालाही आपला हक्क सांगायला रेघच लागते. दोष रेघेचा नव्हे. ती कोणत्या महिन्यात, कोणत्या भरतीला ओढली, हे विसरणाऱ्यांचा आहे. हा भेद पुस्तकात अधिक ठसायला हवा होता.

तरीही इंग्रजी वाचणाऱ्या घरात हे पुस्तक अवश्य असावे. आणि दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन मुंबईस जाल, तेव्हा माहीमच्या खाडीपाशी एकदा भरतीला उभे राहा, एकदा ओहोटीला. शाळेतल्या नकाशात नसलेली जागा त्यांना दिसेल.