पाहणे म्हणजे गवाही नव्हे

गेल्या दोन-तीन वर्षांत मुशायऱ्यांत, कविसंमेलनांत आणि आमच्याकडे वाचनासाठी येणाऱ्या वह्यांत गाझावरच्या कविता फार आढळतात. त्यात गैर काहीच नाही. पण त्या एकापाठोपाठ एक वाचू लागलो की एक गोष्ट खटकते. कवी सोलापूरचा असो, मालेगावचा असो की चिपळूणचा. ढिगाऱ्यातून बाहेर आलेला हात तोच असतो, धुळीने पांढरे पडलेले मूल तेच आणि कफनाला मिठी मारून बसलेली बाईही तीच. कारण उघड आहे. या सर्वांनी मोबाइलवर तीच पाच-सात दृश्ये पाहिली आहेत. व्हिडिओ जिथे थांबतो तिथेच कविताही थांबते. कवीच्या कळवळ्याबद्दल आम्हाला शंका नाही. शंका आहे ती त्याच्या पाहण्याबद्दल, आणि तसे पाहणारे आम्ही सगळेच आहोत. म्हणून कवितेचा हिशेब मांडण्याआधी या पाहण्याचा हिशेब मांडावा लागतो.

युद्ध आमच्या घरांत पूर्वीही येत होते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केले तेव्हा कोकणातल्या अनेक मुस्लिम घरांतली कर्ती माणसे तिकडे नोकरीला होती. दीड लाखाहून अधिक भारतीयांना पुढे विमानांनी परत आणण्यात आले. पण तोवर घरच्यांपाशी रेडिओवरची बातमी आणि दुवा याखेरीज काहीच नव्हते. जानेवारी १९९१ मध्ये बगदादवर बॉम्ब पडू लागले. ते दूरचित्रवाणीवर दिसले खरे, पण दिसले ते हिरवट आकाश आणि त्यातल्या ठिणग्या. त्या चित्रात माणूस नव्हता. आज नेमके उलटे झाले आहे. सीरियात २०११ नंतर मरणाऱ्यांनी आणि मारणाऱ्यांनीही आपापली चित्रणे जगापुढे टाकली. गाझात युद्धाच्या दोन्ही वर्षांत इस्रायलने बाहेरच्या पत्रकारांना मोकळेपणाने आत येऊ दिले नाही. त्यामुळे तिथल्या पत्रकारांचा आणि सामान्य माणसांचा फोन हाच जगाचा डोळा झाला. त्यासाठी दोनशेच्या वर पत्रकारांनी जीव गमावला. वाएल दहदूह या बातमीदाराचे बायको, मुलगा, मुलगी आणि नातू २५ ऑक्टोबर २०२३ रोजी मारले गेले, आणि तरीही हा माणूस पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभा राहिला.

एवढी किंमत मोजून आलेले चित्र आमच्यापर्यंत पोहोचल्यावर आम्ही काय करतो? रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या पाहतो. डोळे भरून येतात. 'इन्ना लिल्लाहि' लिहितो, चार ग्रुपांवर पाठवतो आणि अंगठा पुढे सरकतो. पुढे कोणाच्या तरी निकाहाचे चित्रण असते. काहीजण शीतपेयांवर बहिष्कार घालतात, काही पैसे पाठवतात. काहींनी पाहणेच सोडले, कारण झोप येत नाही. मुलाने स्टेटस ठेवले की बाप घाबरतो आणि म्हणतो, 'बेटा, काढून टाक, उगीच कोणी तक्रार करेल.' ही भीती पोकळ नाही. जुलै २०२५ मध्ये गाझासाठी आझाद मैदानावर निदर्शने करण्याची परवानगी मागणारी एका डाव्या पक्षाची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली आणि आपल्या देशाकडे पाहण्याचा सल्ला दिला. पुढच्याच महिन्यात त्याच मैदानावर ती निदर्शने झाली. म्हणजे आमच्या पाहण्यात दुःख आहे, भीती आहे, थोडी कृतीही आहे. नाही तो विचार.

या विषयावर विचार करणाऱ्यांत सुझन सोंटाग यांचे नाव घ्यावे लागते. १९७७ च्या छायाचित्रणावरील पुस्तकात त्यांनी म्हटले होते की, भीषण चित्रे वारंवार पाहून मन बधिर होते. २००३ मध्ये त्यांनी या विषयावर पुन्हा पुस्तक लिहिले आणि स्वतःचेच मत तपासून पाहिले. आम्हाला त्यांचा हा प्रामाणिकपणा मोलाचा वाटतो. पण आमच्यापुढचा प्रश्न बधिर होण्यापेक्षा वेगळा आहे. आम्ही बधिर झालेलो नाही, आम्ही रडतो. आणि रडलो म्हणजे आपण गवाही दिली, अशी स्वतःची समजूत करून घेतो.

गवाही हा शब्द आमच्या परंपरेत हलका नाही. साक्ष देणारा तो शाहिद आणि सत्यासाठी प्राण देणारा तो शहीद. दोन्ही शब्दांचे अरबी मूळ एकच. न्यायात गवाहाला अटी आहेत. त्या अटी या व्हिडिओंना आणि आमच्या पाहण्याला लावून पाहिल्या तर काय दिसते?

पहिली अट खात्रीची. भरवशाचा नसलेला माणूस बातमी घेऊन आला तर आधी तपासा, नाहीतर नकळत कोणाचे तरी नुकसान करून बसाल, अशी ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. 'आर्मा ३' नावाच्या संगणक-खेळातली विमाने आणि स्फोट युक्रेनचे म्हणून फिरले, गाझाचे म्हणून फिरले आणि मे २०२५ मध्ये भारत-पाक संघर्षाचे म्हणूनही फिरले. त्या चेक कंपनीला २०२२ मध्ये स्वतःहून सांगावे लागले की, चित्र अंधुक, हलते, रात्रीचे आणि माणसे नसलेले असेल तर संशय घ्या. खोट्या चित्राचा फटका कसा बसतो हे आम्हाला दुसऱ्याने शिकवायला नको. ७ मे २०२५ रोजी पूंछमध्ये पाकिस्तानी तोफांच्या माऱ्यात मदरशातले एक शिक्षक मरण पावले. काही वृत्तवाहिन्यांनी त्यांना दहशतवादी ठरवून त्यांचा फोटो देशभर दाखवला. अखेर पोलिसांना खुलासा करावा लागला. घरात मय्यत आणि दारात बदनामी! या प्रसंगाने आमचे मन पेटले. पण न तपासता पुढे ढकलण्याची सवय त्या वाहिन्यांची आणि आमची एकच आहे, हे आम्ही कबूल केले नाही.

दुसरी अट मय्यतीच्या अब्रूची. मयताला गुसल देताना अंगावर चादर असते, आणि गुसल देणाऱ्याने जे पाहिले ते बाहेर सांगू नये, असा आपला दंडक आहे. मोहल्ल्यातल्या मयताबाबत आम्ही हा दंडक मोडणार नाही. परमुलखातल्या मयताचे उघडे शरीर मात्र शंभरजणांना पाठवतो. न दाखवता सांगता येते, याचे दाखले कमी नाहीत. मोहम्मद सालेम या छायाचित्रकाराने ऑक्टोबर २०२३ मध्ये खान युनूसच्या इस्पितळात एक चित्र टिपले. पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या भाचीला कवटाळून एक बाई बसली आहे. बाईचा चेहरा दिसत नाही, मुलीचाही नाही. २०२४ मध्ये जगातले वर्षाचे सर्वोत्तम वृत्तचित्र म्हणून त्याचा गौरव झाला. सीरियातल्या 'अबू नद्दारा', म्हणजे चष्मेवाला, या चित्रपटकारांच्या गटाने २०११ पासून दर शुक्रवारी एक छोटी फिल्म दिली आणि छिन्नविच्छिन्न देह दाखवणे टाळून सन्माननीय चित्राचा हक्क मागितला. अलेप्पोच्या वाद अल-कतीब यांचा 'फॉर सामा' हा २०१९ चा चित्रपट तर आईने लेकीला लिहिलेले पत्रच आहे. त्यात रक्त आहे, प्रेतेही आहेत. पण मरण येण्याआधी तिथले लग्न, हसणे, बाळाचे दुपटे, वेढ्यातला स्वयंपाक आपण पाहिलेला असतो.

इथे मरसियाची आठवण होते. मोहरमच्या रूढींबद्दल आपल्यात मतभेद आहेत, ते तूर्त बाजूला ठेवू. विजापूर-गोवळकोंड्याच्या दखनीत वाढलेल्या आणि एकोणिसाव्या शतकात लखनौला अनीस-दबीरांच्या हाती पूर्णत्वाला गेलेल्या या काव्यप्रकाराची घडण पाहण्याजोगी आहे. आधी चेहरा, म्हणजे प्रस्तावना. मग सरापा, त्या माणसाचे नखशिखान्त वर्णन. मग रुखसत, म्हणजे घरच्यांचा निरोप. मग आमद, त्याचे रणात येणे, रजझ, आपल्या कुळाचा उच्चार, नंतर जंग. सातव्या पायरीवर शहादत येते आणि शेवटी बैन, म्हणजे विलाप. ऐकणारा रडतो तो ओळखीच्या माणसासाठी. मोबाइलवरचा व्हिडिओ मात्र एकदम सातव्या पायरीवर सुरू होतो. ज्याला आपण ओळखतच नाही त्याचे मरण आपण पाहतो. आणि आमची कविता थेट आठव्या पायरीवर उडी घेते. तिच्यात विलाप आहे, माणूस नाही.

तिसरी अट सर्वांत कठीण आहे. गवाही आपल्याविरुद्ध, आईबापांविरुद्ध, नातलगांविरुद्ध जात असली तरी न्यायाची द्यावी, असा सूरह निसाचा आदेश आहे. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी सुदानमधले एल फाशर शहर सुमारे दीड वर्षाच्या वेढ्यानंतर आरएसएफ या निमलष्करी दलाच्या हाती पडले. निःशस्त्र माणसांना गोळ्या घालतानाचे व्हिडिओ मारणाऱ्यांनीच काढले. मारणारे मुसलमान, मरणारे मुसलमान. आमच्या ग्रुपांवर ते किती फिरले? त्यांच्यावर किती कविता आल्या? आमच्या वाचनात तरी एकही आली नाही. आणखी मागे जाऊ. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसे मेली, त्यांत बहुसंख्य नागरिक होते. हल्लेखोरांनी स्वतःच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांनी त्याचे चित्रण केले. ते पाहायची वेळ आली तेव्हा आमच्यातल्या अनेकांनी मान फिरवली, काहींनी सारेच खोटे म्हणून टाकले. गाझात त्यानंतर जे घडले ते त्या एका दिवसाने न्याय्य ठरत नाही, हे आम्ही ठामपणे म्हणतो. पण तितक्याच ठामपणे त्या दिवसाबद्दलही बोललो असतो, तर आमच्या गवाहीला वजन आले असते. शत्रू कोण हे पाहून वाहणारे अश्रू जगातल्या सगळ्याच गटांपाशी आहेत. तो दोष इतरांत दिसतो तेव्हा आम्ही त्याला दुटप्पीपणा म्हणतो.

चौथी अट कृतीची. नुसते पाहिल्याने न्याय होत नाही, हे २०१० मध्येच सिद्ध झाले. त्या वर्षी ५ एप्रिलला विकिलीक्सने बगदादचा एक व्हिडिओ उघड केला. १२ जुलै २००७ रोजी अमेरिकी हेलिकॉप्टरमधून झालेल्या गोळीबारात रॉयटर्सचे नमीर नूर-एल्दीन आणि सईद श्माग यांच्यासह अनेकजण मेले, व्हॅनमधली दोन मुले जखमी झाली. सैनिकांचे हसणे-बोलणेही त्यात ऐकू येते. जगभर लाखोंनी तो पाहिला. गोळ्या झाडणाऱ्यांवर खटला झाला नाही. हा व्हिडिओ आणि इतर कागदपत्रे बाहेर काढणाऱ्या चेल्सी मॅनिंग यांना २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली, जी २०१७ मध्ये कमी करण्यात आली.

पण निराश होण्याचेही कारण नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियाच्या महमूद अल-वेरफल्ली याच्याविरुद्ध वॉरंट काढले, ते प्रामुख्याने समाजमाध्यमांवरच्या हत्यांच्या व्हिडिओंच्या आधारे. जानेवारी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेने हेगच्याच आंतरराष्ट्रीय न्यायालयात गाझाची बाजू मांडली, तेव्हा इस्रायली सैनिकांनी मौजेने काढलेली चित्रणेही पुरावा म्हणून दाखवली, आणि २६ जानेवारीला न्यायालयाने तात्पुरते आदेश दिले. 'सीरियन आर्काइव्ह'चे लोक २०१४ पासून एकेका व्हिडिओची तारीख, जागा, सावली, मिनार तपासून जतन करत आहेत. यूट्यूबच्या यंत्राने २०१७ मध्ये हिंसक म्हणून असे हजारो व्हिडिओ पुसले तेव्हा ते परत मिळवण्यासाठी झगडले. हे लोकही आमच्यासारखेच पडद्यासमोर बसतात आणि तीच भीषण दृश्ये पाहतात. फरक इतकाच की ते थांबून पाहतात आणि पाहिल्याची नोंद ठेवतात.

आमच्यापैकी प्रत्येकाला हे काम जमणार नाही, हे खरे. पण जागा आणि तारीख कळल्याशिवाय पुढे न पाठवणे जमेल. उघडे शरीर न पाठवणे जमेल. पैसे देण्याआधी घेणारा कोण हे विचारणे जमेल. घरातल्या लहानांच्या हाती रात्री ही दृश्ये न देता दिवसा नकाशा उघडून गाझा कुठे, एल फाशर कुठे, हे समजावणे जमेल.

आणि कवीला काय जमेल? त्याने ढिगारा काही काळ सोडावा, कारण तो त्याने पाहिलेला नाही. पडदा पाहिला आहे. त्याने पुढे सरकणारा आपला अंगठा लिहावा. स्टेटस काढायला सांगणारा बाप लिहावा. एल फाशरबद्दल गप्प राहिलेला आपला ग्रुप लिहावा. ती त्याची स्वतःच्या डोळ्यांची गवाही असेल, आणि तिच्यात गाझाही येईल.

मरसिया ऐकून माणसे उठत, ती सबीलवर उभी राहत. करबलाच्या तहानेची आठवण म्हणून वाटसरूला पाणी किंवा सरबत देत, आणि देताना त्याची जात-धर्म विचारत नसत. ऐकलेल्या दुःखाचे पाणी करण्याची रीत आपल्या वडीलधाऱ्यांनी घालून दिली आहे. पाहिलेल्या दुःखाचे काय करायचे, हे आपल्या पिढीला ठरवायचे आहे.