लाजऱ्यांची बोली

शब्दांच्या पंगतीतही सोवळे-ओवळे असते. कोशात सारे शब्द अकारविल्हे एकमेकांना खेटून बसतात. पण बोलण्यात यायची वेळ आली की काहींना माजघरात पाट मिळतो आणि काहींना परसदारी तिष्ठावे लागते. प्रेमाच्या व्यवहारातले शब्द बहुधा या दुसऱ्या वर्गातले. चुंबन आणि आलिंगन या दोन क्रियांसाठी इंग्रजांनी आपल्या रोजच्या बोलीत जे शब्द घडवले, त्यांची आपल्याकडच्या इंग्रजीच्या अभ्यासाने कधी दखल घेतली नाही. आपण मुलांना शेक्सपिअर शिकवतो, वर्डस्वर्थ शिकवतो. 'स्नॉग' हा शब्द शिकवत नाही. ते योग्यच आहे. तथापि जो शब्द वर्गात शिकवता येत नाही, त्याचा विचारही करू नये, असे थोडेच आहे?

या शब्दांविषयीचा सर्वसाधारण समज असा की ते उथळ, असभ्य आणि भाषेला कमीपणा आणणारे आहेत. मला हा समज मान्य नाही. हे शब्द असभ्यतेतून आलेले नसून लाजेतून आलेले आहेत, असे माझे म्हणणे आहे. लाजऱ्या माणसाला जवळीक हवी असते आणि तिचे नाव उच्चारायचे नसते. मग तो विनोदाचा आडपडदा घेतो. इंग्रजांइतका हा पडदा क्वचितच कोणी वापरला असेल.

थोडे शब्दच पाहू. 'किस' हा इंग्रजीतला जुना, घरंदाज शब्द. त्याच्या शेजारी सोळाव्या शतकापासून 'बस' हा दुसरा शब्द नांदत होता. रॉबर्ट हेरिक या कवीने १६४८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या संग्रहात दोन ओळींच्या एका चुटक्यात या दोहोंचा भेद सांगून टाकला आहे: एक शब्द लग्नाच्या बायकोसाठी, दुसरा चैनीच्या सोबतिणीसाठी. क्रिया एकच; पण शब्दांची जात निराळी. पंक्तिभेद आला तो असा.

पुढच्या शतकांत या परसदारच्या शब्दांची गर्दी वाढत गेली. कबुतरांच्या चोचीला चोच लावण्यावरून आणि घुमण्यावरून 'बिल अँड कू' आले. 'पेक' म्हणजे चोच मारणे. गालावर उडतउडत ओठ टेकले की तो 'पेक'. 'नेकिंग' मानेवरून आले. 'स्पून' म्हणजे खरे तर चमचा. पण अठराव्या शतकाच्या अखेरीस तो शब्द भोळसट माणसासाठी वापरला जाऊ लागला, आणि प्रेमात पडलेला माणूस भोळसटच दिसतो म्हणून एकोणिसाव्या शतकात 'स्पून करणे' म्हणजे प्रेमाचे चाळे करणे असा अर्थ रूढ झाला. त्याच शतकाच्या मध्याला 'कनूडल' हा गमतीदार शब्द अवतरला. 'स्नगल' म्हणजे कुशीत शिरणे, आणि ज्या 'स्नग' शब्दावरून तो आला तो मूळचा खलाशांचा. वादळवाऱ्याला तोंड देण्यासाठी नीट आवरून-बांधून घेतलेले जहाज म्हणजे 'स्नग'. या शब्दांत पक्षी आहेत, चमचा आहे, मान आहे, जहाज आहे. प्रेम हा शब्द मात्र कुठेही नाही. शेजारच्या वस्तूकडे बोट दाखवायचे आणि मुख्य गोष्ट समजून घ्यायला सांगायचे, अशी ही रीत आहे.

'स्नॉग' हा या कुळातला सर्वांत प्रसिद्ध शब्द. छापील मजकुरात तो १९४० नंतरच्या दशकात, म्हणजे महायुद्धाच्या सुमारास, दिसू लागला. त्याची व्युत्पत्ती अज्ञात म्हणून कोशकार सोडून देतात. काहींना त्यात 'स्नगल'चे नाते दिसते. मला त्याच्या व्युत्पत्तीपेक्षा त्याचा आवाज बोलका वाटतो. इंग्रजीत 'स्न'ने सुरू होणारे कितीतरी शब्द नाकाशी जोडलेले आहेत. हुंगणे, घोरणे, शिंकणे, जनावराचे नाकाड, या सर्वांच्या इंग्रजी शब्दांना हाच आरंभ आहे. शेवटचा 'ऑग' डुकराच्या आणि कुत्र्याच्या इंग्रजी नावांत आहे, चिखल-दलदलीच्या नावातही आहे. एवढ्या कोमल प्रसंगाला इतका ओबडधोबड शब्द! पण त्यातच त्याचे काम आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला मित्रांत 'मी तिचे चुंबन घेतले' असे म्हणायची छाती होत नाही. त्या वाक्याला नाटकी वास येतो. 'स्नॉग' म्हटले की सगळे हसतात आणि हसण्याच्या आवाजात त्याची धडधड लपून जाते.

या लाजेचा चांगला उपयोग लुईझ रेनिसन या लेखिकेने करून घेतला. शाळकरी मुलीच्या डायरीच्या रूपातली तिची विनोदी कादंबरी १९९९ साली निघाली आणि तिच्या नावातच 'स्नॉगिंग' होते. डायरी लिहिणाऱ्या जॉर्जियाला आपल्या नाकापासून आपल्या मांजरापर्यंत सगळ्याची लाज वाटते, आणि त्या लाजेवरचा तिचा उपाय एकच, शब्दांची टिंगल. पुस्तक अमेरिकेत गेले तेव्हा शेवटी जॉर्जियाच्याच थाटात लिहिलेला शब्दार्थांचा कोश जोडावा लागला. एकाच भाषेची दोन राष्ट्रे. व्याकरण एक, वाङ्मय बरेचसे सामायिक, आणि तरी अडले ते या घरगुती शब्दांपाशी! २००१ साली तिथल्या प्रिंट्झ पुरस्काराच्या मानकऱ्यांत या पुस्तकाचा समावेश झाला, म्हणजे कोश कामी आला म्हणायचे. २००८ साली गुरिंदर चढ्ढा यांनी त्यावर चित्रपट काढला तेव्हा नावातला एक धीट शब्द बदलून तिथे सौम्य शब्द घातला. 'स्नॉगिंग' मात्र राहिले. परसदारचा शब्द पन्नास-साठ वर्षांत ओसरीवर आला तो असा. दोष सांगायचा तर, रेनिसनचा विनोद कधी कधी स्वतःवरच खूश होतो आणि मग पडद्याआडचे मन दिसेनासे होते. पडदा एवढाही जाड होऊ नये.

हा पडदा काढून टाकून जवळीक बोलता येईल का, हा प्रश्न डी. एच. लॉरेन्सने घेतला. 'लेडी चॅटर्लीज लव्हर' ही त्याची कादंबरी १९२८ साली फ्लॉरेन्समध्ये खासगीरीत्या छापली गेली. तिच्यातील धीटपणाची चर्चा फार झाली. भाषेची त्या मानाने थोडी झाली. या कादंबरीला 'टेंडरनेस', म्हणजे मार्दव, असे नाव देण्याचे लॉरेन्सच्या मनात होते. ते नाव ध्यानात ठेवून वाचले तर एक गोष्ट चटकन दिसते. नायक मेलर्स हा रानाची राखण करणारा नोकर. पण तो हिंदुस्थानात लष्करी अधिकारी होऊन आलेला आहे आणि त्याला उत्तम प्रमाण इंग्रजी बोलता येते. तरी मार्दवाच्या क्षणी तो आपल्या भागातल्या खाणकामगारांच्या बोलीत शिरतो. का? प्रमाण इंग्रजीत राजापासून कुत्र्यापर्यंत सर्वांना एकच 'यू'. तिच्यातला 'तू' केव्हाच लोपला. तो उरला प्रार्थनेत आणि अशा बोलींत. मेलर्सला त्या स्त्रीला 'तू' म्हणायचे आहे आणि ते साहेबाच्या भाषेत म्हणताच येत नाही. कॉनी त्याची बोली बोलू पाहते, चुकते, आणि दोघेही हसतात. माझ्या मते कादंबरीतली खरी जवळीक त्या हसण्यात आहे. उलट कॉनीची बहीण हिल्डा त्याला नीट, स्वाभाविक इंग्रजीत बोलायला बजावते. तिला बोली म्हणजे सोंग वाटते. कोणाची स्वाभाविक भाषा कोणती, हे भलत्याच माणसाने ठरवले की काय होते याचा तो उत्तम नमुना आहे.

लॉरेन्सला हे कळले याचे कारण त्याच्या घरात आहे. बाप खाणीत काम करणारा, बोली बोलणारा. आई काही काळ शिक्षिकेचे काम केलेली, प्रमाण भाषेचा आग्रह धरणारी. एका छपराखाली दोन भाषा आणि त्यांतली एक खालची! आपल्या भागातल्या वाचकाला हे घर ओळखीचे वाटेल.

न्यायालयांनी मात्र हा प्रश्न निराळ्या बाजूने पाहिला. लंडनमधल्या खटल्यात २ नोव्हेंबर १९६० रोजी या पुस्तकाचे प्रकाशक निर्दोष सुटले. आपल्याकडे मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्यावरच्या खटल्यात १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच पुस्तक अश्लील ठरवले. आणि दिवाळी अंकाच्या वाचकांनी विसरू नये अशी गोष्ट म्हणजे, 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथाही त्याच न्यायालयापर्यंत गेली. १९६९ साली लेखक दोषमुक्त झाला. शब्द सभ्य की असभ्य हे ठरवायला सात वर्षे लागली.

याच बेटावर आणखी एक भाषा आहे आणि तिची कहाणी आपल्या अधिक जवळची आहे. वेल्समधल्या शिक्षणाची पाहणी करण्यासाठी सरकारने तीन इंग्रज अधिकारी पाठवले. तिघांनाही वेल्श येत नव्हती. १८४७ साली त्यांचा अहवाल निघाला. त्यात वेल्श भाषेला अज्ञानाचे मूळ ठरवले होते. एवढेच नव्हे, तर लग्नापूर्वी तरुण-तरुणींनी अंथरुणावर शेजारी बसून-पडून बोलत रात्र काढण्याच्या तिथल्या जुन्या चालीवरून वेल्श स्त्रियांच्या शीलावरही ताशेरे ओढले होते. वेल्श लोकांनी या निळ्या बांधणीच्या अहवालाला 'निळ्या पुस्तकांचा दगा' असे नाव दिले. त्या शतकात कित्येक शाळांतून वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवीत. आम्हां शिक्षकांच्या व्यवसायाने केलेल्या पापांत याची नोंद झाली पाहिजे.

१९०१ च्या शिरगणतीत वेल्समधली जवळजवळ निम्मी प्रजा वेल्श बोलत होती. २०२१ च्या शिरगणतीत हे प्रमाण १७.८ टक्के भरले. आकडे असे खाली आले, पण दक्षिण वेल्समध्ये वेल्शचा एक शब्द इंग्रजी बोलणाऱ्यांच्याही जिभेवर राहिला. तो म्हणजे 'कुट्श'. त्याचा एक अर्थ मिठी, कुशीत घेणे. दुसरा अर्थ जिन्याखालची अडगळीची जागा, कोळसा ठेवायचा कोनाडा. उबेची, लपायची, आपली अशी जागा, मग ती जिन्याखाली असो वा आईच्या कुशीत. कोशकार या शब्दाचे मूळ मध्ययुगीन इंग्रजीतून फ्रेंचमधल्या बिछान्याच्या शब्दापर्यंत नेतात. म्हणजे परका शब्द वेल्श घरात आला, तिथे त्याला ऊब मिळाली, आणि तो पुन्हा इंग्रजीत गेला तो हा नवा अर्थ घेऊन. ज्या भाषेला दरबारात जागा नव्हती, तिच्याकडून दरबारी भाषा बोलणाऱ्यांनी घेतले ते कायद्याचे कलम नव्हे, तर कुशीत घेण्याचा शब्द.

हे आपल्याला नवे वाटू नये. संस्कृत नाटकातला राजा संस्कृत बोलतो, पण नायिका गाऊ लागली की महाराष्ट्री प्राकृतात गाते. हालाच्या 'गाथासप्तशती'तील शृंगार त्याच प्राकृतातला. ज्ञानेश्वरांच्या मराठीत आलिंगनाला 'खेंव' म्हणत. तो 'क्षेम'वरून आला. इंग्रजीतल्या 'हग'चे नातेही काही अभ्यासक धीर देणे या अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दाशी जोडतात. मिठीत घेणे म्हणजे खुशाली विचारणे, धीर देणे, ही समजूत दोन्हीकडे सारखीच दिसते.

मग आज आपली अवस्था काय? आपल्याकडे 'चुंबन' आहे, ते छापण्यापुरते. 'पापा' आहे, तो तान्ह्या मुलापुरता. 'मुका' हा खरा मराठमोळा शब्द. पण शहरी सभ्यतेने तो तमाशाच्या फडात नेऊन ठेवला. म्हणून आपली तरुण मुले सरळ 'किस' म्हणतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनाही आडपडदा हवा आहे, आणि घरातला पडदा आपणच काढून टाकल्यामुळे ती शेजारच्याचा मागून आणतात. इंग्रज मुलाने विनोदाआड लपावे, आपल्या मुलाने इंग्रजीआड, लाज एकच.

सीमेवरच्या घरांना यात एक जास्तीचे वैभव आहे, ते आपण मोजत नाही. कन्नडमध्ये 'मुत्तु' म्हणजे मोती आणि 'मुत्तु' म्हणजेच मुका. कोकणीत 'उमो' आहे. तो उच्चारतानाच ओठ मिटतात आणि उघडतात. मराठीतल्या 'मुका' शब्दाचा दुसरा अर्थ न बोलणारा. एकीकडे मोती आणि एकीकडे मौन! एका गल्लीत हे सारे शब्द नांदत असताना मुलांनी घरात फक्त पाठ्यपुस्तकातली भाषा बोलावी, मग ती इंग्रजी असो, कन्नड असो की शुद्ध मराठी, असा आग्रह आपण धरतो, तेव्हा आपण हिल्डाचे काम करत असतो.

भाषा टिकावी म्हणून आपण ठराव करतो, शाळा काढतो, संमेलने भरवतो. ते केलेच पाहिजे. पण मूल रडत आले की ज्या शब्दाने आपण त्याला जवळ ओढतो, आणि मोठे झाल्यावर ज्या शब्दाने ते कोणाला तरी जवळ बोलावील, तो शब्द कोणत्याच अभ्यासक्रमात नसतो. तो घरातच द्यावा लागतो, आणि अशुद्ध म्हणून हटकला की पुन्हा ओठावर येत नाही.