नाव झाकले, पण बाई झाकली काय?

स्त्रियांच्या आरोग्यावरील संशोधनाच्या ग्रंथांत प्रारंभीच नावे बदलल्याची ग्वाही असते. ती वाचून वाचक निश्चिंत होतो. आमच्या मते चिंता तेथूनच सुरू व्हावयास हवी.

अशा संशोधनाचे मोल आम्ही नाकारीत नाही. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीकडील दोन खेड्यांतील ६५० स्त्रिया तपासून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लेख प्रसिद्ध केला. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांस स्त्रीरोग आढळले. पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या अवघ्या ८ टक्के होत्या. स्त्रियांनी विश्वास टाकिला नसता, तर हे दुःख उजेडात येतेच ना.

त्या विश्वासाचे रक्षण कसे करावे? मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकाराने २००० साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनाची नीतितत्त्वे तयार झाली. संमती व गोपनीयता यांस त्यांत मानाचे स्थान आहे. परंतु तत्त्वांची परीक्षा देगलुरासारख्या ठिकाणी होते. महानगरात नाव बदलले की माणूस हरवतो. येथील खेड्यात मात्र ‘दोन मुलींवर गर्भपात झालेली, शिवणकाम करणारी धाकटी सून’ एवढे लिहिले, की सारी आळी तिला ओळखते. शिवाय हा सीमेवरचा तालुका; मराठीबरोबर तेलुगू, कानडी, उर्दूही कानी पडते. दुभाषी गावातलीच घेतली, तर ती बहुधा कोणाची तरी नणंद किंवा जाऊ निघते. गुपित कागदावर उतरण्यापूर्वीच घराबाहेर पडते.

संमतीचेही तेच. सरपंचांनी मान डोलावली, नवऱ्याने ‘विचारा’ म्हटले, बाईने अंगठा उठविला, एवढ्याने संमती होत नाही. पाहुण्यास नकार कसा द्यावा या भिडेने ती बोलते. ‘हे लिहू नका’ असे मागाहून म्हणण्याची मोकळीक तिला असेल, तरच तो होकार खरा.

मराठवाड्यातीलच बीडचे उदाहरण पाहावे. ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झाल्याचे दिसले. हे आकडे बाहेर येणे अवश्यच होते. पण वृत्तपत्रांनी गर्भाशय नसलेल्या स्त्रियांचे गाव अशी ओळख रूढ केली, तेव्हा त्या गावच्या लेकीसुनांपैकी कोणाची संमती घेतली होती?

ठसठशीत तपशिलाने लेखन रंगते, हे आम्ही जाणतो. तथापि ज्या तपशिलाने सांगणारी ओळखू येईल, तो गाळावा. लेख थोडा फिका पडला तरी चालेल. तिला त्याच घरात नांदावयाचे आहे.