स्वस्त माइक आणि आपला आवाज

“सर, दोन-अडीच हजारांत घरी गाणं रेकॉर्ड करायला माइक कोणता घ्यावा?”

पणदऱ्याहून आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या एका विद्यार्थ्याने वर्ग सुटल्यावर मला हा प्रश्न विचारला. मी मराठी शिकवतो. माइक हा माझा विषय नव्हे. ‘दुकानदाराला विचार’ असे सांगून मी मोकळा झालो असतो. पण त्याने पुढे जे सांगितले त्यामुळे थांबलो.

हा मुलगा भीमगीते लिहितो आणि गातो. त्याची आजी जात्यावरच्या ओव्या आणि जुनी जयंतीची गाणी म्हणते. सुट्टीत मजुरी करून साठवलेले पैसे घेऊन तो एका ध्वनिमुद्रणगृहात गेला होता. तिथल्या माणसाने दोन कडवी ऐकली आणि निकाल दिला: “आवाज फार चढा आहे, खेडवळ आहे. माइकला मानवत नाही.” मुलगा परत आला आणि स्वतःचा माइक घ्यायचे त्याने ठरवले.

‘माइकला मानवत नाही’ या वाक्याने मला अस्वस्थ केले. माइक हे यंत्र आहे. त्याला मानवणे न मानवणे कुठून आले? यंत्राच्या नावाने हा न्यायनिवाडा नेमका कोण करीत असते? म्हणून माझ्या मते हा प्रश्न बाजाराइतकाच समीक्षेचाही आहे.

हे वाक्य आपल्याला नवे नाही. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले आणि त्याच्या आगेमागे दलित लेखकांनी आपले जगणे आपल्या बोलीत मांडले, तेव्हा ‘ही भाषा साहित्याला मानवत नाही’ असेच म्हटले गेले. शुद्ध-अशुद्धाची फूटपट्टी ज्यांच्या हाती होती, त्यांनी ती आपल्याच उंचीला बेतून घेतली होती. दलित साहित्याने ती नाकारली आणि स्वतःच्या सौंदर्यशास्त्राची मागणी केली. शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ साली त्याच नावाचा ग्रंथ लिहिला. पण लिखित शब्दापुरता आपण जो झगडा केला, तो ध्वनीच्या क्षेत्रात अजून नीटपणे केलेला नाही. पुस्तकात आपली बोली आता मान्य आहे. आपल्या गळ्याला मात्र अजून ‘जरा गोड करा, जरा हळू घ्या’ असे ऐकावे लागते.

या गळ्याचा इतिहास पाहावा. सत्यशोधक जलसे आणि त्यांच्या वाटेने पुढे आलेले आंबेडकरी जलसे उघड्यावर होत. कंदिलाच्या किंवा गॅसबत्तीच्या उजेडात, हलगी-ढोलकीच्या वर चढून, शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यापर्यंत शब्द पोचवायचा असे. भीमराव कर्डकांच्या पिढीचा गळा असा घडला. १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडीत जन्मलेले वामनदादा कर्डक खेड्यापाड्यांत गात राहिले तेही याच परंपरेत. हा चढा सूर त्या गायकांचे कामच होते. त्यात गायकाचे अज्ञान पाहणाऱ्याला ते काम ठाऊक नसते.

उलट, ज्याला आज ‘रेकॉर्डिंगचा आवाज’ म्हणतात, तो मऊ, कानाशी बोलणारा आवाज माइकनेच घडवला आहे. १९२५च्या सुमारास विजेवरचे ध्वनिमुद्रण आले. त्याआधी कर्ण्यापुढे मोठ्याने गावे लागे. माइक आला आणि कुजबुजणेही गाणे होऊ शकले. अमेरिकेत बिंग क्रॉस्बीसारखे गायक याच सोयीवर मोठे झाले. आपल्याकडे चित्रपटातील पार्श्वगायनाने ही चव घराघरांत नेली. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु एका यंत्राने एका काळात लावलेली सवय हीच आवाजाची एकमेव कसोटी मानणे हा अडाणीपणा आहे, आणि तो सुशिक्षितांचा आहे.

मग आपली कसोटी कोणती? भीमगीतात विचार शब्दांतून पोचतो. म्हणून पहिली कसोटी ही की शब्द कळला पाहिजे. मराठी शब्दाची धार व्यंजनांत असते, आणि ती धार साधारण दोन हजार ते आठ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात ऐकू येते. हा पट्टा ज्या ध्वनिमुद्रणात बुजला त्यात बाबासाहेबांचे नाव तेवढे कळते, त्यांचे म्हणणे हरवते. दुसरी कसोटी अशी की गळ्याचा जोर शाबूत राहिला पाहिजे. गायकाला आपला आवाज लहान करायला लावणारा माइक कितीही महाग असला तरी आपल्या कामाचा नाही.

या कसोट्या घेऊन एका रविवारी मी पणदऱ्याला गेलो. नीरा डाव्या कालव्याचा हा पट्टा. उसाच्या हंगामात रस्त्याने ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, आणि त्यांवरची गाणी. विद्यार्थ्याचे घर म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढे पडवी. आम्ही तीन माइक उसने आणले होते.

पहिला होता पेटीत येणारा ‘स्टुडिओ’ कंडेन्सर. सोबत वाकणारा दांडा, स्पंजची टोपी, चकचकीत जाळी. मुलाच्या मनात हाच भरला होता. कंडेन्सर माइकमध्ये दोन पातळ पट्ट्या विद्युतभारित असतात. त्यांतली एक ध्वनीने थरथरते आणि त्या थरथरीतून संदेश तयार होतो. खऱ्या स्टुडिओतल्या अशा माइकला बहुधा अठ्ठेचाळीस व्होल्टचा पुरवठा लागतो. स्वस्त पेटीतले कित्येक माइक तो न घेता थेट मोबाईलला लावायला सांगतात, आणि मग आवाज बारीक व खरखरीत येतो. आमच्या माइकने आजीच्या ओवीसोबत पत्र्याचा घुमारा, शेजारची शिट्टी देणारी कुकर आणि रस्त्यावरचा ट्रॅक्टर सारे गोळा केले. या जातीचा माइक बारीकसारीक टिपणारा असतो. शांत, भिंतींना आवरण असलेल्या खोलीत तो गुण ठरतो. पत्र्याखाली तोच अवगुण होतो. त्यात विद्यार्थ्याने वरचा सूर लावला आणि आवाज फाटला. मुलगा आजीला म्हणाला, “आज्जे, जरा हळू म्हण की.”

आजी माझ्याकडे वळल्या. “मास्तर, हळू म्हनलं तर त्ये गानं माजं ऱ्हात न्हाई.”

सौंदर्यशास्त्रावर मी जे वाचले आहे, त्यात इतके नेमके वाक्य मला क्वचित भेटले.

दुसरा माइक मंडपवाल्याकडून आणलेला, अहुजाचा, हातात धरायचा डायनॅमिक. जयंतीच्या स्टेजवर आपण सगळ्यांनी तो पाहिला आहे. त्यात पडद्याला चिकटलेले तारेचे वेटोळे चुंबकात हलते आणि वीज निर्माण करते. बाहेरून पुरवठा लागत नाही. तो कमी संवेदनशील असल्याने तोंडाजवळ धरावा लागतो, आणि यातच त्याचा फायदा आहे. माइक आणि तोंड यांतले अंतर निम्मे केले की सरळ येणारा आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र होता तेवढाच राहतो. म्हणून चार बोटांवरून गायलेल्या गाण्यात पत्रा मागे पडला. मुलाने पूर्ण गळ्याने गायले तरी आवाज फाटला नाही. फार जवळ गेल्यावर खर्ज फुगत होता. माइक किंचित तिरका धरल्यावर आणि दोन बोटे मागे नेल्यावर तो बसला. असा माइक थेट मोबाईलला लावून भागत नाही. मध्ये एक छोटा ऑडिओ इंटरफेस लागतो, नाहीतर यूएसबी जोडणी असलेला डायनॅमिक घ्यावा लागतो.

तिसरा, पदराला लावायचा छोटा क्लिप माइक, बोया एम-वन. त्याची तार सहा मीटर लांब आणि तो चहूबाजूंनी ऐकतो. मुलाच्या चढ्या गाण्याला तो तोकडा पडला. पण आजी जात्याशी बसल्या, हात दळण्यात गुंतला, समोर कोणी काही धरलेले नाही, आणि ओवी आपसूक आली. दळताना बांगड्यांचा आवाज आला, तो आम्ही तसाच ठेवला. पत्र्याचा घुमारा हा दोष आहे, कारण तो शब्द खातो. जात्याची घरघर हा दोष नाही, कारण ओवी तिच्याच लयीवर उभी आहे. हा फरक यंत्राला कळत नाही, तो ऐकणाऱ्यालाच करावा लागतो.

या छोट्या माइकच्या पोटात ‘इलेक्ट्रेट’ आहे. कायमचा विद्युतभार धरून ठेवणाऱ्या पापुद्र्यामुळे मोठ्या व्होल्टेजची गरज उरली नाही आणि माइक स्वस्त झाला. १९६२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तो दोघांनी मिळून घडवला: जर्मन गेरहार्ड सेसलर आणि कृष्णवर्णीय अमेरिकन जेम्स वेस्ट. वेस्ट यांचा जन्म १९३१ साली व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटीत झाला. याच काउंटीने पुढे गोऱ्यांबरोबर काळ्या मुलांना बसवावे लागू नये म्हणून १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे सार्वजनिक शाळाच बंद ठेवल्या. ब्लॅक पँथरचे नाव घेऊन १९७२ साली आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली. काळ्यांच्या कविता आपण वाचल्या, कथा अनुवादल्या. परंतु कॅसेट रेकॉर्डरपासून टेलिफोनपर्यंत अनेक दशके जगाचा आवाज ज्या स्वस्त माइकने टिपला, त्यामागे त्याच समाजातला एक माणूस आहे हे आपल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? विज्ञान ही परक्याची मिरास आहे, असे समजून चालणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

आता थोडे आपल्यांविषयी. ‘भावना पोचली म्हणजे झाले’ ही आपली एक सवय आहे. मोबाईल कुठेही टेकवायचा, वरून भरमसाट एको चढवायचा, ढोलकी शब्दांवर बसवायची. गाणे घुमते, आशय बुडतो. हा साधनांच्या अभावाचा दोष नाही. एको फुकट मिळतो म्हणून आपण तो वापरतो. प्रस्थापितांच्या कसोट्या नाकारणे म्हणजे कसोटीच नाकारणे नव्हे. कडूबाई खरात यांचा आवाज मोबाईलवरच्या साध्या चित्रफितींतून महाराष्ट्रभर गेला. तिथे गळा आणि एकतारी होती, आणि शब्द उघडा होता.

दुसरी उणीव नोंदीची. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या बायांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांच्या साथीने नव्वदीच्या दशकात त्यांतल्या अनेकींचे ध्वनिमुद्रण झाले. माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली राधाबाई बोऱ्हाडे यांनी म्हटलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यामुळे आज ऐकता येतात. २०१७ पासून ‘पारी’ने हा ठेवा लोकांपुढे आणला. तिथे प्रत्येक गाण्याखाली बाईचे नाव, गाव, जात, वय आणि तारीख असते. आपल्या मोबाईलमधल्या गाण्यांखाली काय असते? एक आकडा. पुढच्या पिढीला तो काय सांगणार?

म्हणून त्या विद्यार्थ्याला मी जे सांगितले ते येथे मांडतो. आधी पैसे खर्च करू नकोस. घरातल्या दोन वाकळी गाणाऱ्याच्या मागे आणि बाजूला टांग, एक खाली अंथर, ट्रॅक्टर थांबल्यावर बस. घुमारा किती कमी होतो ते ऐक. आजीच्या ओव्यांसाठी क्लिप माइक घे, तो हजाराच्या आसपास मिळतो. तुझ्या गाण्यासाठी पेटीतल्या स्टुडिओच्या मोहात पडू नकोस. एकाच बाजूने ऐकणारा, यूएसबी जोडणीचा साधा डायनॅमिक पाच हजारांच्या आतबाहेर येतो. तो एकट्याने घेण्यापेक्षा तिघा-चौघांनी मिळून घ्या आणि वस्तीत फिरवा. शुअरचा एसएम-५८ हा १९६६ पासून चालत आलेला चांगला माइक आहे, पण त्याच्या किमतीत वस्तीतल्या चार घरांचे काम होते. सर्वात मोठ्या सुरालाही काटा तांबड्यात जाणार नाही इतकी पातळी ठेव. मूळ मुद्रण आहे तसे जतन कर, कापाकापी त्याच्या प्रतीवर कर. गाण्याच्या सुरुवातीला गाणाऱ्याने आपले नाव, गाव आणि तारीख स्वतःच्या तोंडाने सांगावी. ज्याचे गाणे त्याच्या संमतीवाचून ते कोणाला देऊ नकोस.

शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. आपल्या वर्गातली अनेक मुले-मुली अशा घरांतून येतात जिथे एखादी आजी, एखादा म्हातारा शाहीर अजून गातो आहे. लोकसाहित्याचे प्रकल्प आपण पुस्तकांतून उतरवून घेतो. त्याऐवजी एक माइक, दोन वाकळी आणि एक नोंदवही घेऊन त्यांना घरी पाठवावे. पणदऱ्याच्या आजींचे वय ऐंशीच्या पुढे आहे. त्यांना साडेतीनशेच्या आसपास ओव्या येतात असे त्या सांगतात. आमच्या त्या रविवारी बावीस घेऊन झाल्या.